खिंडीतला पंखा

म्हसोबाच्या खिंडीत पंखा घुमला आणि आईनं आबांची टोपी आपल्या डोक्यावरून काढून खुंटीला अडकवली.

त्यापुढचं सगळं आम्हाला पाठ होतं. शेवंताकाकूंनी हसून हसून आलेलं डोळ्यातलं पाणी पदरानं पुसलं आणि त्या मागच्या दारानं परड्यात उतरल्या. फुलावहिनी निवडायचं सूप काखोटीला मारून कुंपणाच्या फटीतून पसार झाली. मी जाजम गुंडाळलं, रेडिओचा कान पिळला. आईनं अंगात चढवलेला आबांचा खाकी शर्ट काढून दोरीवर टाकला, चुलीत दोन काटक्या सारल्या आणि चहाचं आधण ठेवलं. ट्रक खिंड उतरून ओढ्याच्या पुलावर येईपर्यंत आमचं घर असं गप्प व्हायचं, की नवख्या माणसाला वाटावं इथं सुतक आहे.

मग आबा यायचे. चपला दारात काढायचे, एकदा आढ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "च्या टाक."

आबांचा ट्रक जुना होता. गावातलं त्याच्या वयाचं दुसरं काही धडपणे चालत नव्हतं, असं लोक चेष्टेनं म्हणायचे. त्याच्या इंजिनाच्या तोंडावर रेडिएटरला वारा घालणारा मोठा लोखंडी पंखा होता. तो पट्ट्यावर फिरायचा, म्हणजे इंजिन चालू आहे तोवर गरज असो वा नसो, तो गरगरत राहायचा. खिंडीत दोन्ही बाजूंना कातळ. तिथं त्या पंख्याचा आवाज असा कोंडायचा आणि घुमायचा की कळंबेवाडीतली निजलेली पोरं दचकून उठायची. इंजिनाची धडधड शेजारच्या पिठाच्या गिरणीत मिसळून जायची, पण पंखा कशात मिसळायचा नाही.

आबा, म्हणजे सर्जेराव ड्रायव्हर, कऱ्हाडहून कांदा-बटाटा भरून कुंभार्ली घाट उतरायचे आणि चिपळूणकडून जांभा चिरा भरून तोच घाट चढायचे. माणूस वाईट नव्हता. त्यांनी कधी हात उगारला नाही, कधी शिवी दिली नाही. पण कपाळाला आठी घालूनच घरात पाय टाकायचे आणि जिथून आवाज येईल तिकडे बघायचे. रेडिओकडे बघितलं की रेडिओ बंद, माझ्याकडे बघितलं की माझं तोंड बंद. लग्न होऊन आली तेव्हा आईला कुणीतरी सांगितलं होतं, घाट चढून आलेल्या माणसाच्या कानात घाटच असतो, त्याला शांत बसू द्यावं. आईनं ते इतकं मनावर घेतलं की पुढं कुणी सांगायची गरजच उरली नाही. आबा तर गॅरेजमध्ये अभिमानानं सांगायचे, "आमच्या घरात आवाज नस्तोय."

आणि खरं सांगायचं तर आमच्या आईसारखी बोलकी बाई पंचक्रोशीत नव्हती. ती नकला करायची. एसटीचा कंडक्टर, सरपंचांची मंडळी, हळदीकुंकवाला येऊन घरातली भांडी मोजणारी पाहुणी, सगळे तिच्या गळ्यात बसले होते. पण बायका जमायच्या त्या आबांच्या नकलेसाठी. टोपी आणि खाकी शर्ट चढवला की आई आईच राहायची नाही. आबा जेवताना मधेच गिअर टाकल्यासारखा हात हलवायचे, ते ती करायची. झोपेत "दाब, दाब, ब्रेक दाब" म्हणायचे, तेही. आणि आबांचं ते "हं". आमटी चांगली झाली तरी हं, मेहुणा वारला तरी हं, मी आयटीआयला वायरमनच्या कोर्सला जाते म्हटलं तेव्हाही हं. प्रत्येक हं निराळा होता आणि आईला सगळे येत होते. फुलावहिनीनं नुसतं एवढंच म्हणायचं, आमटीचा हं घ्या, की ती आधीच लोळायला लागायची.

दुपारचा तो एवढाच वेळ आईचा स्वतःचा होता. बाकीचा दिवस ती सगळ्यांची होती.

मी कोर्सच्या दुसऱ्या वर्षाला असताना, उन्हाळ्यात, ट्रक घाटात उकळायला लागला. चिरा भरून वर चढताना अर्ध्या घाटात तापमानाच्या काट्यानं लाल घर गाठलेलं असायचं. आबा वळणावर गाडी उभी करायचे, झऱ्याचं पाणी डब्यानं आणून ओतायचे, पुन्हा निघायचे. एकदा झाकण उघडताना वाफ अंगावर आली आणि उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. आईनं कोरफड लावली. आबा म्हणाले, "हं." त्या हंची नक्कल आईनं कधी केली नाही.

रेडिएटर खोलून धुतला, पट्टा नवा घातला, तरी गाडीचे पहिले पाढे पंचावन्न. मग कऱ्हाडच्या इस्माईल मेस्त्रींनी दुखणं सांगितलं. चढावर इंजिन रखडतं, म्हणून त्याच्या जिवावर फिरणारा पंखाही रखडतो. वारा जेव्हा सगळ्यात जास्त हवा, तेव्हाच हा पेंगतो, आणि उतारावर उगाच बोंबलतो. त्यांच्याकडे एका भंगारात काढलेल्या एसी बसचे दोन इलेक्ट्रिक पंखे होते, चोवीस व्होल्टचे, ट्रकच्या बॅटरीला चालणारे. ते बसवले की इंजिन हळू चालो की जोरात, पंखे आपल्या वेगानं फिरणार, आणि पाणी तापलं तरच फिरणार. फक्त वायरिंग करणारा त्यांचा माणूस गावी गेला होता.

आबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरगी करंल."

माझ्या हातातला चहा सांडला. वर्गात मी एकटी मुलगी. गावात लोक विचारायचे, ही काय खांबावर चढणार का. घरातला फ्यूज उडाला तरी आबा बाहेरच्या माणसाला बोलवायचे. आणि आता ते आपला ट्रक माझ्या हातात देत होते. त्या ट्रकला त्यांनी क्लीनरलासुद्धा नीट हात लावू दिला नव्हता.

पुढच्या रविवारी गॅरेजमध्ये मेस्त्रींनी जुना पंखा सोडवला. पट्टा राहू दिला, कारण पाण्याचा पंप त्याच्यावरच चालतो. दोन्ही नवे पंखे रेडिएटरला पाठीमागून जोडले. मी बॅटरीपासून जाड वायर ओढली, मधे फ्यूज आणि रिले घातला, रेडिएटरच्या पाण्यात तापमानाचा स्विच बसवला. उन्हानं पत्रा भाजत होता, घाम डोळ्यात जात होता, पण मला भान नव्हतं. सगळं झाल्यावर मेस्त्रींनी इंजिन तापवलं आणि जाळीपुढे वर्तमानपत्राचा कागद धरला. पंखे फिरले, की वारा आत ओढला जाऊन कागद जाळीला चिकटायला हवा.

पंखे फिरले आणि कागद उडून आबांच्या छातीवर जाऊन बसला.

प्लस-मायनस उलटे लागले होते. पंखे वारा आत घ्यायच्या ऐवजी बाहेर फेकत होते. आत ये म्हणायच्या ऐवजी पाहुण्याला दारातूनच ढकलल्यासारखं झालं. गॅरेजमधली माणसं हसली. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. आबांनी कागद छातीवरून काढला, घडी घातली आणि माझ्यापुढे धरला. मी वायरी बदलल्या. दुसऱ्या वेळी कागद जाळीला असा चिकटला की ओढून काढावा लागला.

"हं," आबा म्हणाले.

हा हं मी जन्मात ऐकला नव्हता. तो घरी जाऊन आईला कसा सांगावा, तिला तो जमेल का, याच विचारात मी केबिनमध्ये चढले. आबांचा चेहरा उजळला होता. स्टेअरिंगवर बोटं वाजवत म्हणाले, "बघ कशी मुकी चालतीया. चाकाखालचा खडासुदिक ऐकू येतोय." मी कौतुकानं ऐकत होते. उंब्रज मागे पडलं, फाटा आला, खिंडीचा चढ सुरू झाला, आणि मग माझ्या ध्यानात आलं.

खिंडीत आता काही घुमणार नव्हतं. रविवारची दुपार होती, मी घरात नव्हते, आबा येणार ते दिवेलागणीला असं आईला वाटत होतं. मागच्या पडवीत आत्ता कोण कोण बसलं असेल आणि आईच्या डोक्यावर काय असेल, ते मला दिसायला लागलं.

"आबा, हॉर्न वाजवा की."

"कशापायी? रस्ता मोकळा हाय."

"खिंडीत म्हशी असतात."

"कुठं हाय म्हस?"

म्हैस खरंच नव्हती. वैऱ्यावरही अशी वेळ येऊ नये, एक म्हैस आडवी आली असती तर मी तिला ओवाळलं असतं. मी म्हणाले, मला मळमळतंय, इथंच उतरवा, मी पाऊलवाटेनं जाते. खिंडीतून एक वाट शेतातून थेट आमच्या परड्यामागे उतरते. पळत गेले असते तर पोचलेही असते. आबा म्हणाले, घर तर आलं, आता कसली मळमळ. आणि उतारावर ट्रक असा सरसर गेला की ओढ्याच्या पुलावरची चिमणीसुद्धा उडाली नाही.

अंगणात गाडी थांबली. मागच्या पडवीतून हसू येत होतं. साधं नाही, बायका एकमेकींच्या अंगावर पडतात तसं. आबा तिथंच थबकले. पहिल्यांदा त्यांना वाटलं असणार, की हे शेजारचं आहे. मग ते चपला न काढता सोप्यातून आत गेले, आणि मी त्यांच्या मागं.

आई टोपी घालून, शर्टाच्या बाह्या दुमडून, पाटावर बसली होती. हवेत गिअर टाकत होती. तोंडानं घास चावत, नजर आढ्याला लावून म्हणत होती, "मीठ कुणी घातलं? हं."

बायकांना आधी दिसलं. हसू असं तुटलं की काहीतरी फुटल्यासारखं वाटलं. शेवंताकाकूंना उठता येईना, फुलावहिनी सूप तिथंच टाकून गेली. आई उभी राहिली. तिचा हात डोक्याकडे गेला, तिनं टोपी काढली आणि सवयीनं खुंटीकडे नेली, पण खुंटी चुकली. टोपी खाली पडली. आबांनी ती उचलली, झटकली आणि स्वतःच्या डोक्यावर घातली.

"च्या टाक," ते म्हणाले आणि पुढच्या सोप्यात जाऊन बसले. दुसरं काही नाही. त्यांनी आरडाओरडा केला असता तर फार बरं झालं असतं.

त्यानंतर आमच्या घराला चैन पडेना. ट्रक आता थंड चालत होता, घाटात कुठं थांबावं लागत नव्हतं, म्हणजे आबा कधी येतील याचा नेम राहिला नव्हता. आई भाकरी थापता थापता उठायची आणि रस्ता बघून यायची. दूध उतू जायचं. उखळात मुसळ घालून हात थांबायचा. गिरणी सुरू झाली तरी ती दचकायची. मी घरात असले की मला दारात उभी करायची, आणि मी दारात असले तरी स्वतः येऊन बघायची. बायका यायच्या बंद झाल्या. एकदा शेवंताकाकू कुंपणापलीकडून म्हणाल्या, द्वारका, निदान कंडक्टर तरी कर. आई म्हणाली, घसा बसलाय. रात्री मी पुस्तक वाचत असताना माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "मांजराच्या गळ्यातली घंटा तूच काढलीस गं माले."

रागानं नाही म्हणाली. उलट हसून म्हणाली, म्हणून जास्त लागलं. माझं पहिलं काम ते. सगळ्या गॅरेजनं वाखाणलेलं. आणि त्या कामानं माझ्या आईचं तोंड बंद झालं होतं. नाही म्हणायला पुन्हा हातसुद्धा भाजला नव्हता आबांचा. काय चांगलं झालं आणि काय वाईट, मला ठरवता येत नव्हतं.

आबासुद्धा पहिल्यासारखे राहिले नव्हते. घरात आले की आता आवाजाकडे नाही, गप्प बसलेल्या आईकडे बघायचे. खुंटीकडे बघायचे. एकदा मी बॅटरीत पाणी घालत असताना मागं येऊन उभे राहिले.

"मी नसताना रोज असतं व्हय ते?"

खोटं बोलावंसं वाटलं नाही. मी म्हणाले, "हो."

"कवापासनं?"

"मला कळतंय तेव्हापासून."

आबांनी बॉनेटवरून हात फिरवला. मग म्हणाले, "मला वाटायचं, आपल्या घराची तीच रीत हाय. गप बसायची." आणि विहिरीकडे चालू लागले.

त्याच आठवड्यात ते मला कऱ्हाडला गॅरेजमध्ये घेऊन गेले आणि मेस्त्रींना म्हणाले, जुना पंखा बसवा. मेस्त्रींना वाटलं चेष्टा आहे. आबा म्हणाले, गाडी कानाला लागत नाही, गिअर कधी बदलायचा ते कळत नाही, पंख्याच्या आवाजावर हात बसलाय.

मी म्हणाले, "आबा, गाडी पुन्हा गरम होईल."

"होऊ दे. पानी घालीन."

"हात भाजेल."

"फडकं धरीन." मग पक्कड माझ्यापुढे धरून म्हणाले, "तुज्या वायरी तूच सोडव. दुसऱ्यानं तोडल्या तर वाया जातील."

मी सोडवल्या. रडू येत होतं, पण गॅरेजमध्ये रडायचं नाही एवढं कोर्सला असताना शिकले होते. मुलीच्या हातचं काम आहे म्हणून विश्वास नाही, गिअर-बिअर सगळ्या सबबी, असं माझ्या मनानं घेतलं. आबांनी ते दोन्ही पंखे गोणपाटात गुंडाळून घेतले आणि घरी माळ्यावर ठेवून दिले. परत येताना खिंडीत जुना पंखा घुमला, कातळ दणाणले, आणि मी कानात बोटं घातली. पुढं बरेच दिवस मी आबांशी कामापुरतंच बोलत होते. त्यांनी विचारलंही नाही.

आईनंही काही विचारलं नाही. पण त्या दिवशी अंगणात उतरले तेव्हा ती दारातच उभी होती आणि तिच्या कपाळावरची ताणलेली शीर सैल झाली होती. हळूहळू फुलावहिनी सूप घेऊन यायला लागली, मग शेवंताकाकू, मग बाकीच्या. कंडक्टर झाला, पाहुणी झाली. आबांची नक्कल मात्र आई लगेच घेईना. बायका मागं लागायच्या, आधी ड्रायव्हरसायेब होऊ द्या. आई म्हणायची, दम धरा जरा, सारखी काय घाई. इकडचं तिकडचं करत राहायची, मधेच परड्याच्या भिंतीकडे बघायची, आणि अगदी शेवटी उठून टोपी घालायची. मला वाटलं, धसका घेतलाय, मन अजून धजत नाही.

कोर्स संपून मी कऱ्हाडला कामाला राहिले होते, दिवाळीच्या सुट्टीला घरी निघाले होते. एसटीनं फाट्यावर सोडलं आणि मी पिशवी घेऊन खिंडीकडे चालू लागले. खिंडीच्या अलीकडे, गावाला ऐकूही येणार नाही अशा जागी, आबांचा ट्रक उभा होता. इंजिन बंद. बॉनेट तापलेलं, जाळीतून वाफेचा वास, बाजूला पाण्याचा रिकामा डबा. केबिनमध्ये कुणी नाही. मी हाका मारल्या. मनात नाही नाही ते आलं. झाकण उघडताना वाफ तोंडावर आली असेल, कुणी उचलून नेलं असेल. मी पिशवी तिथंच टाकली आणि पाऊलवाटेनं पळत सुटले. ज्वारीची पानं तोंडावर सपासप लागत होती. आईला काय सांगायचं, एवढंच डोक्यात होतं.

परड्याच्या भिंतीमागं, कण्हेरीच्या आडोशाला, आबा दगडावर बसले होते.

चपला काढून शेजारी नीट ठेवलेल्या. हातात बिडी. मान खाली. त्यांचे खांदे हलत होते आणि मला वाटलं ते रडताहेत. मी पुढं झाले, तेवढ्यात भिंतीपलीकडून आईचा आवाज आला. आईचा नाही, आबांचा. "दाब, दाब, ब्रेक दाब." आणि बायकांचं हसू. आबांनी तोंडात उपरणं कोंबलं होतं. ते हसत होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आबांना हसताना मी त्याआधी बघितलंच नव्हतं, म्हणून मला ते ओळखता आलं नाही.

त्यांनी मला बघितलं. क्षणभर चोरी पकडल्यासारखा चेहरा झाला. मग ओठांवर बोट ठेवलं आणि दगडावर सरकून मला जागा केली. मी बसले. पलीकडं आई कागद छातीवरून काढून घडी घालत असावी, कारण ती म्हणाली, आता पोरीनं वायर जोडल्यावरचा. थोडं थांबून तिनं तो घेतला. हं. मी गॅरेजमधून येऊन तिला फक्त एकदाच सांगितला होता.

आबा माझ्या कानाशी पुटपुटले, "असा म्हनालो व्हय मी?"

"असाच."

"तुज्या कामात खोट नव्हती. लई चांगलं काम हुतं."

"मग काढलंत का?"

त्यांनी हनुवटीनं भिंतीकडे दाखवलं. "पंखा वाजत न्हाय तवर मी न्हाय, एवढं तिला पक्कं पायजे. त्याबिगर हसंल का ती?"

पलीकडं हसू ओसरलं तसं त्यांनी बिडी दगडावर विझवली, चपला हातात घेतल्या आणि वाकून, चोरासारखे, ज्वारीतून निघाले. मी त्यांच्या मागून. ट्रकपाशी आल्यावर मी डबा भरून आणला, त्यांनी फडकं धरून झाकण उघडलं, पाणी घातलं. इंजिन सुरू झालं. खिंडीत पंखा घुमला. या वेळी मी कानात बोटं घातली नाहीत. घरी पोचलो तेव्हा घर चिडीचूप होतं, आईनं आधण ठेवलं होतं, टोपी खुंटीला होती. आबांनी चपला काढल्या, आढ्याकडे बघितलं, कपाळाला आठी घातली.

"च्या टाक," ते म्हणाले.

ट्रक चालत होता तोवर ते असंच करत राहिले. घाटात उकळत्या गाडीला पाणी पाजत, फडक्यानं झाकण उघडत. मी ते कुणाला सांगितलं नाही. पुढं ट्रक भंगारात गेला, मग काही वर्षांनी आबाही गेले.

आता कऱ्हाडला माझं विजेच्या मोटारींचं रिवायंडिंग करायचं दुकान आहे. माळ्यावरचे ते दोन पंखे दुकानात भिंतीला लावलेत, अजून फिरतात. आई माझ्याजवळच असते, दुपारी दुकानाच्या उंबऱ्याशी खुर्ची टाकून बसते, येणाऱ्याजाणाऱ्याला न्याहाळते आणि तो वळला की त्याची नक्कल करते. वय झालं तरी जीभ म्हातारी झालेली नाही. मात्र आबांची नक्कल ती करत नाही. माझ्या मुलीनं खूपदा मागितली, आई म्हणते, विसरले.

परवा साखर कारखान्याचा वारा फेकणारा एक मोठा ब्लोअर दुरुस्त करून मी चालू केला. त्याचा आवाज दुकानात घुमला, आणि उंबऱ्यात डुलक्या घेणाऱ्या आईचा हात झटकन डोक्याकडे गेला. नसलेली टोपी काढायला. मी बटण बंद केलं. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो, आणि हसता हसता मला राहवलं नाही. इतक्या वर्षांनी मी तिला सगळं सांगितलं. खिंडीअलीकडं उभी केलेली गाडी, कण्हेरीचा आडोसा, तोंडात कोंबलेलं उपरणं.

आईनं ऐकून घेतलं. तिला धक्का बसेल, डोळे भरतील, असं काहीतरी मला वाटलं होतं.

"मला काय सांगतीस," ती म्हणाली. "भिंतीमागची बिडीची थोटकं रोज सकाळी कोण झाडायचं?"

"तुला माहीत होतं? आणि तरी तू त्यांची नक्कल करायचीस?"

"तरी कशाला? बिडीचा वास आल्यावरच तर करायची."

मग तिनं पदर सावरला, रस्त्याकडं तोंड केलं.

"ते येऊन बसल्याबिगर कशी घ्यायची?"